चारशे अँपिअर आणि वाशिमची काळी माती

एक अँपिअर प्रवाह म्हणजे तारेच्या एका छेदातून दर सेकंदाला जाणारे सुमारे ६२ परार्ध इलेक्ट्रॉन. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दहा-दहा पटींनी वाढणाऱ्या संख्यांची नावं दिली आहेत, त्यांतलं हे शेवटचं. मोबाइल चार्ज करणाऱ्या बारीकशा वायरीतूनही साधारण एवढी वर्दळ चालू असते. आता एखाद्या मध्यम रुग्णालयाच्या मुख्य केबलीकडे या. तिथं ४०० अँपिअर धरले तर आकडा होतो २५ हजार परार्ध, आणि तोही फक्त एका सेकंदाचा.

हे मोजायला माणसं लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतलं लहानथोर प्रत्येक माणूस मोजायला बसलं, दर सेकंदाला एक इलेक्ट्रॉन या वेगानं, रात्रंदिवस, एकही खाडा न करता. तर त्या केबलीतून एका सेकंदात गेलेले इलेक्ट्रॉन मोजून संपायला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं लागतील. हा आकडा भूगर्भशास्त्र वाचणाऱ्यांच्या ओळखीचा असेल. दख्खनचं पठार ज्या लाव्हारसानं बनलं, तो साधारण तेवढ्याच वर्षांपूर्वी वाहिला. वाशिमच्या जमिनीखालचा काळा पाषाण त्याच लाव्ह्याचा आहे आणि त्या पाषाणाची झीज होऊनच इथली काळी माती झाली आहे.

या योगायोगाशी मी थांबलो, कारण इमारतीला किती जाड केबल लागेल हा प्रश्न वाशिममध्ये अखेर याच मातीपाशी येऊन पोचतो.

आधी त्या इलेक्ट्रॉनांचं काय होतं ते पाहू. एवढी अफाट संख्या म्हटल्यावर ते सुसाट धावत असतील असं वाटतं. ४०० अँपिअर नेणाऱ्या ३०० चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या गाभ्यात त्यांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी भरतो, दर सेकंदाला. त्यात आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. म्हणजे पुढे सरकायला लागतात न लागतात तोच मागे फिरायचं. हिशेब केला तर मूळ जागेपासून दोन्ही बाजूंना ०.२ मायक्रॉन एवढीच हालचाल होते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या जाडीच्या दीडशेव्या भागात हा सगळा नाच आटोपतो. रोहित्रातून निघालेला इलेक्ट्रॉन ऑपरेशन थिएटरच्या दिव्यापर्यंत कधीच पोचत नाही. जागच्या जागी थरथरतो, आजूबाजूच्या अणूंवर आपटतो आणि प्रत्येक धडकेत थोडी ऊर्जा उष्णता म्हणून सांडतो. दिव्यापर्यंत ऊर्जा पोचते ती तारेभोवतीच्या विद्युत-चुंबकीय क्षेत्रातून, प्रकाशाच्या जवळपास जाणाऱ्या वेगानं.

सांडलेल्या त्या उष्णतेवर केबलचं माप ठरतं. जेम्स जूलनं १८४१ मध्ये दाखवून दिलं की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. तिप्पट, तर नऊपट. माप निवडणं म्हणजे ही उष्णता किती होईल आणि तिला बाहेर पडायला किती वाट आहे, या दोहोंचा मेळ घालणं. प्रवाहाचा आकडा सगळे पाहतात. वाटेकडे फारच थोडे पाहतात.

चारशे येतात कुठून

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तेव्हा इथल्या बहुतेक इमारतींचा लोड म्हणजे ट्यूबलाइट, पंखे आणि उन्हाळ्यात कूलर. जुने वायरमन त्या काळातल्या वायरी ‘तीन-बावीस’, ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ अशा मागायचे. तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, मिळून जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर तांबं. त्यावर अख्खी खोली चालायची, आणि नीट चालायची, कारण कूलरसुद्धा एखादा अँपिअरच घेतो. आज दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, गिझर नऊ. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. नव्या काळातल्या अशा सार्वजनिक इमारतींत लिफ्ट, वातानुकूलन, अग्निशमनाचे पंप हे सगळं गृहीतच असतं.

शंभरेक खाटांचं एक कल्पित रुग्णालय घेऊ. जोडलेली सगळी उपकरणं मिळून ४०० किलोवॅट. सगळी एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष मागणी २५० किलोवॅट. याला १.७३ नं भागा, मग ४०० व्होल्टनं, मग ०.९ या पॉवर फॅक्टरनं. उत्तर ४०१ अँपिअर. आपले चारशे इथून आले.

कारंज्याच्या जिनिंगमध्ये हाच आकडा दुसऱ्या वाटेनं येतो. कापसातून सरकी वेगळी करणारे चोवीस डबल रोलर रेचे, प्रत्येकाला साडेसात अश्वशक्तीची मोटर असं धरलं तर चालू असताना मिळून २६० अँपिअरच्या आसपास. पण मोटर थेट सुरू होताना सहापट प्रवाह खेचते. वीज गेली, परत आली आणि चोवीसच्या चोवीस रेचे एकदम सुरू झाले, तर काही सेकंद दीड हजार अँपिअरच्या वर मागणी जाईल. कापसाच्या हवेत तरंगणाऱ्या तंतूंमध्ये, ठिणगीची सर्वांत जास्त भीती असलेल्या जागी. म्हणून रेचे एकामागून एक सुरू करायची शिस्त असते, आणि ती शिस्त पाळणारा माणूस त्या कारखान्यात अभियंत्याइतकाच महत्त्वाचा असतो.

शहाण्णव पट धातू, सतरा पट प्रवाह

केबलच्या मापांची एक ठरलेली शिडी आहे आणि या धंद्यातल्या माणसांना ती पाढ्यासारखी पाठ असते: दीड, अडीच, चार, सहा, दहा, सोळा, पंचवीस, पस्तीस, पन्नास, सत्तर, पंच्याण्णव, एकशेवीस, दीडशे, एकशेपंच्याऐंशी, दोनशेचाळीस, तीनशे, चारशे. सगळी चौरस मिलिमीटरमध्ये. घरातल्या पॉवर प्लगला अडीचची वायर, मुख्य पॅनेलला दोनशेचाळीस-तीनशेची केबल.

भिंतीवर मोकळी बसवलेली अडीचची तांब्याची थ्री-फेज केबल सुमारे २४ अँपिअर नेते. दोनशेचाळीस म्हणजे तिच्या ९६ पट धातू. मग ती ९६ पट प्रवाह, म्हणजे २,३०० अँपिअर नेईल? प्रमाणित तक्त्यात तिच्यापुढे आकडा आहे ४०३. शहाण्णव पट तांबं घालून प्रवाह मिळाला सतरा पट. अडीचच्या वायरीत प्रत्येक चौरस मिलिमीटर साडेनऊ अँपिअर वाहतो, दोनशेचाळीसमध्ये पावणेदोनसुद्धा नाही.

मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण आकडा वाटतो. कारण भूमितीत आहे. तारेचा छेद चौपट केला तर तिचा घेर फक्त दुप्पट होतो. उष्णता आतल्या सगळ्या धातूत निर्माण होते, पण बाहेर पडते ती कातडीतून. तार जितकी जाड, तितका तिचा गाभा बाहेरच्या हवेपासून दूर आणि तितकं तिला निवणं अवघड. म्हणून जाणकार एका मर्यादेपुढे केबल जाड करत नाहीत, दोन टाकतात. एकशेपंच्याऐंशीची एक तांब्याची केबल ३४० अँपिअर नेते. जवळपास तेवढ्याच तांब्याच्या पंच्याण्णवच्या दोन, मध्ये अंतर राखून टाकल्या तर मिळून ४४५. धातू तेवढाच, पैसा साधारण तेवढाच, आणि शंभर अँपिअर जास्त. पण ‘अंतर राखून’ हे शब्द महत्त्वाचे. दोन्ही एकमेकींना चिकटून टाकल्या की एकीची उष्णता दुसरीला लागते आणि मिळालेलं बरंचसं परत जातं.

तक्त्यातलं हवामान

केबल कंपनीच्या पुस्तिकेत तीनशेच्या ॲल्युमिनियमच्या एक्सएलपीई आवरणाच्या केबलपुढे साधारण चारशे अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो. आपल्याला ४०१ हवे आहेत, थोडं खेचून बसेल, असं म्हणून पुष्कळ ठिकाणी तीच मागवली जाते. त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात अटी असतात. हवेचं तापमान ४० अंश. जमिनीचं ३० अंश. मातीचा उष्णतेला होणारा अडथळा अमुक इतकाच. आणि शेजारी दुसरी केबल नाही.

मे महिन्यातल्या वऱ्हाडात यातली एकही अट टिकत नाही. पारा ४३-४४ ला टेकतो आणि टिनाच्या छपराखालच्या पॅनेल रूममध्ये पन्नाशी ओलांडतो. एक्सएलपीई आवरण ९० अंशांपर्यंत टिकतं. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० आहे. बाहेरच पन्नास अंश असतील तर पीव्हीसी केबलला तापायला उरले फक्त वीस अंश, आणि तिची क्षमता ८२ टक्क्यांवर येते. एक्सएलपीईची साधारण ९० टक्क्यांवर. बाहेर ७० अंश असते तर पीव्हीसी केबलची क्षमता शून्य झाली असती. एक अँपिअरही न नेता ती आपल्या मर्यादेला पोचलेली असती.

आता जमिनीखाली. रोहित्रापासून इमारतीपर्यंतची केबल बहुधा खंदकातून येते, पाऊण मीटर खोल. पावसाळ्यात काळी माती भरपूर पाणी धरते आणि ओली माती उष्णता चांगली वाहून नेते. ऑगस्टमध्ये त्या केबलला काहीच त्रास नाही. एप्रिल-मेमध्ये हीच माती आटते, आक्रसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. भेगेत हवा. कोरडी हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही. वर एसी पूर्ण जोरात चालू आहेत, म्हणजे केबलवर वर्षातला सर्वांत जास्त प्रवाह आहे, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत तिच्याभोवतीची माती उष्णता बाहेर सोडायला नकार देते आहे. पुण्यामुंबईच्या हिशेबानं काढलेलं माप इथं आणून बसवलं की चूक होते ती इथं.

हिशेब मांडू. पुस्तिकेतले ४००. जमीन ३० ऐवजी ३५ अंश, म्हणून ०.९६ नं गुणायचं: ३८४. सुकलेली माती, म्हणून साधारण ०.८ नं: ३०७. शेजारी चिकटून दुसरी केबल, म्हणून ०.७५ नं: २३०. केबल तीच, कंपनी तीच, तिच्यावरचा शिक्का तोच. चारशेच्या जागी दोनशेतीस. म्हणजे आपल्या रुग्णालयाला कागदावर पुरणारी एक केबल प्रत्यक्षात पुरत नाही, तीनशेच्या दोन लागतात, आणि दोन्ही मिळून ४६० देतात. त्याच दोन केबलींमध्ये खंदकात वीतभर अंतर ठेवलं, तर ०.७५ च्या जागी ०.९ येतो आणि बेरीज ५५० वर जाते. वीतभर जास्त रुंद खणलं म्हणून नव्वद अँपिअर मिळाले. खंदकाच्या तळाशी आणि केबलींच्या भोवती वाळू भरायची, वर विटांचा थर द्यायचा, हे नियम जुने आहेत. वाळूच्या त्या थरामुळे भेगाळणारी काळी माती केबलच्या अंगाला थेट भिडत नाही आणि तिची ओढाताण होत नाही. खर्च वाचवायला वाळू गाळणारे ठेकेदार नेमकं हेच गमावतात.

माप एक पायरी कमी घेतलं म्हणून दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही, ही या गोष्टीतली सर्वांत वाईट बाब. वीज येते, दिवे लागतात, उद्‌घाटन होतं. आवरण मात्र आतून म्हातारं होत राहतं. अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे की मर्यादेपेक्षा दर आठ-दहा अंश जास्त तापमानाला आवरणाचं आयुष्य निम्मं होतं. तीस वर्षांची केबल दहा अंशांनी पंधरा वर्षांवर येते, वीस अंशांनी साडेसातवर. ज्यानं माप निवडलं त्याची तोवर बदली झालेली असते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ती आग केबलच्या मापामुळे लागली असं मला म्हणायचं नाही. पण त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले, आणि रुग्णालयाच्या भिंतीआडच्या वायरीकडे पाहणं हे किती मोठ्या जोखमीचं काम आहे ते सगळ्यांना कळलं. विदर्भातल्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही.

ऐंशी मीटरची शेगडी

सुरक्षितता बाजूला ठेवून निव्वळ पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. रोहित्र ते पॅनेल अंतर ८० मीटर धरू. तीनशेची एकच ॲल्युमिनियम केबल, ४०० अँपिअर, तापून ९० अंशांवर गेलेली. तिन्ही फेजांत मिळून जवळजवळ ५ किलोवॅट उष्णता होते, दर मीटरला ६० वॅट. जमिनीखाली, कुणाच्याही उपयोगाची नसलेली, आणि मीटर केबलच्या आधी बसवलेला असेल तर बिलात धरलेली. दोन केबली टाकल्या तर प्रवाह निम्मा-निम्मा होतो, केबली थंड राहतात आणि नुकसान २.२ किलोवॅटवर येतं. फरक २.७ किलोवॅट. दिवसाचे बारा तास हा लोड धरला तर वर्षाला ११,८०० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर १ लाख १८ हजार रुपये, दरवर्षी. दुसरी केबल महाग आहे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पहिल्या केबलच्या खात्यात लिहून पाहावा. लॉर्ड केल्विननं १८८१ मध्येच हे सूत्रात मांडलं होतं: तारेत वाया जाणाऱ्या विजेचा वर्षाचा खर्च आणि तारेत गुंतवलेल्या पैशाचा वर्षाचा बोजा जिथं समान होतात, ते सर्वांत काटकसरीचं माप. एकशेचाळीसहून जास्त वर्षं झाली, आणि अजून आपल्याकडे काटकसर म्हणजे सर्वांत बारीक केबल असंच धरलं जातं.

तारेला पैसा घालायचा नसेल तर दुसरा रस्ता व्होल्टेजचा. तेच रुग्णालय ११ हजार व्होल्टवर वीज घेतं तेव्हा ४०१ अँपिअरच्या जागी साडेचौदा अँपिअर पुरतात. व्होल्टेज साडेसत्तावीस पट, म्हणून त्याच तारेतलं नुकसान ७५६ पट कमी. सातशे छप्पन्न. एडिसननं ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं ते ११० व्होल्टचं, आणि तांब्याच्या खर्चामुळे मैलभराच्या पलीकडे वीज नेणं त्याला परवडेना. शेतातल्या पंपांना महावितरणनं उच्चदाब वितरण योजनेत एक-दोन पंपांमागे एक छोटं रोहित्र दिलं, त्यामागचं गणित हेच. मोठ्या इमारतीतही रोहित्र कुंपणाच्या कोपऱ्यात ढकलण्यापेक्षा पॅनेल रूमला खेटून बसवलं, तर लो-टेन्शन केबल ८० मीटरवरून १५ वर येते. आर्किटेक्टला ते दिसायला नको असतं, एवढ्यावरून कितीतरी ठिकाणी ते कोपऱ्यात जातं.

धातूसाठी माणूस कुठवर जाऊ शकतो याचं एक उदाहरण इथं सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ओक रिजला युरेनियम वेगळं करण्यासाठी राक्षसी विद्युत-चुंबक उभारले. वेटोळ्यांना आणि बसबारना (वीज नेणाऱ्या जाड पट्ट्यांना) लागणारं तांबं युद्धामुळे मिळेना. तेव्हा सरकारी खजिन्यातून चांदी उसनी घेतली: सुमारे १३,३०० टन, म्हणजे १ कोटी ३३ लाख किलो. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के चांगली वाहक आहे. युद्धानंतर ती जवळजवळ सगळी परत केली गेली.

एका सेकंदाचं माप

आतापर्यंतचा हिशेब रोजच्या प्रवाहाचा होता. शॉर्टसर्किटचा वेगळा, आणि तो भल्याभल्यांना दचकवतो. ६३० केव्हीएचं रोहित्र पूर्ण लोडवर ८४० अँपिअर देतं. त्याच्या टोकालाच फेजा एकमेकींना भिडल्या तर प्रवाह मर्यादित ठेवायला उरतो तो फक्त रोहित्राचा अंतर्गत अडथळा, साधारण ५ टक्के. म्हणजे ८४० च्या वीसपट: १६,८०० अँपिअर. पहिल्या अर्ध्या आवर्तनात, सेकंदाच्या शंभराव्या भागात, त्याचं शिखर ३४ हजारांपर्यंत जाऊ शकतं. एकमेकींशेजारच्या दोन तारांतून एवढा प्रवाह गेला की त्या चुंबकीय बलानं एकमेकींना ढकलतात. केबलच्या आत, दोन गाभ्यांमध्ये अडीच सेंटिमीटर अंतर असताना, हे बल दर मीटरला ८०० किलो वजनाच्या आसपास भरतं. केबल ट्रेवर नीट बांधलेली नसेल तर ती उसळून उठते.

उष्णता तर विचारूच नका. १६,८०० अँपिअर एक सेकंदभर वाहिले, तर ॲल्युमिनियमच्या एक्सएलपीई केबलला २५० अंशांच्या आत राहायला कमीत कमी १८० चौरस मिलिमीटर छेद लागतो. लोड किती आहे याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. मुख्य पॅनेलमधून निघालेली एखादी केबल फक्त पन्नास अँपिअरचा पंप चालवत असली, तरी तिच्यामागचा ब्रेकर सुटायला एक सेकंद घेणार असेल तर पंचवीसची केबल तिथं अपुरी आहे. ब्रेकर सेकंदाच्या दहाव्या भागात सुटला, तर ५७ चौरस मिलिमीटर पुरतो, म्हणजे सत्तरची केबल. आणखी चपळ ब्रेकर लावला तर आणखी बारीकही चालते. केबल आणि ब्रेकर ही जोडी आहे. एकाची किंमत खाली ओढली की दुसऱ्याची वर जाते.

साडेतीनमधला अर्धा

आपल्याकडे बाजारात मोठी केबल मागायची तर ‘साडेतीन कोअर’ मागतात. तीन फेजांचे तीन पूर्ण गाभे आणि न्यूट्रलचा अर्ध्या मापाचा. तीनशेच्या केबलीत न्यूट्रल दीडशेचा. ही रचना आली तेव्हा बरोबर होती. तिन्ही फेजांवर सारखा लोड असला तर तिन्ही प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदतात आणि बाकी शून्य उरते. मोटरी, हीटर, जुने पिवळे बल्ब यांच्यासाठी अर्धा न्यूट्रल म्हणजे पुष्कळ झाला.

आता इमारतीत एलईडी दिवे, संगणक, यूपीएस भरले आहेत. त्यातली बरीच उपकरणं प्रवाह सलग न घेता तुकड्यातुकड्यानं ओढतात. त्यामुळे प्रवाहात १५० आवर्तनांचे घटक शिरतात, आणि हे घटक न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदत नाहीत, त्यांची बेरीज होते. टोकाच्या परिस्थितीत न्यूट्रलमधला प्रवाह फेजच्या १.७३ पट होऊ शकतो. फेजेत २०० अँपिअर, न्यूट्रलमध्ये ३४६, आणि तो नेणारा गाभा निम्म्या मापाचा. प्रत्यक्षात आकडा इतका टोकाला क्वचित जातो, पण फेजेपेक्षा जास्त तापलेला न्यूट्रल संगणकांच्या इमारतीत नवलाचा नाही. त्यात बहुतेक पॅनेलांत न्यूट्रलवर अँपिअर मीटर नसतो, आणि तीन पोलच्या ब्रेकरला न्यूट्रल दिसतच नाही. अशा इमारतीला चार पूर्ण गाभ्यांची केबल हवी. रुग्णालय, महाविद्यालय, बँकेची मोठी शाखा यांच्या अंदाजपत्रकात आजही सवयीनं साडेतीन कोअर लिहिलं जातं, ते आता थांबायला हवं.

लगवरचा एक मिलिओहम

हे सगळं बरोबर केलं, दोन केबली, वाळू, वीतभर अंतर, चार गाभे, तरी एक जागा उरते. केबल संपून पॅनेल सुरू होतं ती.

चांगला कारागीर काम करताना पाहावा. तो ॲल्युमिनियमचा गाभा सोलतो आणि लगेच तारेच्या ब्रशनं घासतो, कारण ॲल्युमिनियमवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा थर बसतो. थर काही नॅनोमीटरचाच, पण वीज न वाहणारा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याचा ऑक्साइड २,००० अंशांच्या पुढे. घासून होताच तो त्यावर पेस्ट चोपडतो, म्हणजे हवा परत लागू नये. मग लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण. पॅनेलचा बसबार तांब्याचा असेल तर लग दोन धातूंचा हवा, एका बाजूनं ॲल्युमिनियम, दुसरीनं तांबं. नाही तर ओलाव्यात दोन धातूंच्या भेटीत गंज धरतो. हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्रात तीनशेचीच डाय आहे ना हे तो तपासतो, दाबतो, लग फिरवून पाहतो. हलला तर कापून टाकतो. शेवटी नट टॉर्क पाना लावून ठरल्या जोरानं आवळतो आणि नटापासून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढतो, म्हणजे पुढे कधी नट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

यातलं एकेक पाऊल गाळलं की जोडाचा रोध वाढतो. एक मिलिओहम झाला असं धरा, एका ओहमचा हजारावा भाग. साध्या मल्टिमीटरला तो दिसतही नाही. पूर्ण चारशे अँपिअर एकाच जोडातून जात असतील तर त्यांच्या वर्गाला हजारानं भागा: १६० वॅट, बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत, सतत. तापला की जोड प्रसरण पावतो, रात्री निवला की आक्रसतो, नट आणखी ढिला होतो, रोध आणखी वाढतो.

असा जोड शोधायला आता थर्मल कॅमेरा मिळतो आणि वर्षातून एकदा त्यानं पॅनेलची तपासणी करून अहवाल फायलीला लावायची पद्धतही पडली आहे. तपासणी कोणत्या महिन्यात केली ते त्या अहवालात जरूर पाहावं. जानेवारीच्या सकाळी लोड निम्मा असतो, आणि निम्म्या लोडवर हा जोड चौथा हिस्साच तापतो: १६० च्या जागी ४० वॅट. कॅमेऱ्यात तो शेजारच्या जोडांपेक्षा जरासा कोमट दिसतो आणि अहवालात ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, सगळे एसी चालू असताना, तोच कॅमेरा त्याच जोडापुढे धरावा.